डॅफोडिलला पात भरपूर, फूल एकही नाही: दोष कुठे आहे ते कसे शोधावे

ट्रम्पेट डॅफोडिलची, म्हणजे फुलाच्या मधोमध कर्ण्यासारखी लांब नळी असलेल्या प्रकाराची, तक्रार बहुतेक वेळा एकच असते. पहिल्या वसंतात फुले छान आली, दुसऱ्या वर्षी निम्मी, तिसऱ्या-चौथ्या वर्षी नुसती पात. मग खत घातले जाते, पाणी वाढवले जाते, आणि पुढच्या वर्षी पात आणखी दाट होते. फूल नाहीच.

उपाय लागू पडत नाही, कारण तो चुकीच्या वेळी केलेला असतो. डॅफोडिलची कळी वसंतात तयार होत नाही. यंदाची फुले सुकून गेलेली असतात, पाने अजून हिरवी असतात, तेव्हाच कंदाच्या पोटात पुढच्या वर्षीची कळी धरू लागते आणि उन्हाळ्यात ती पुरी घडते. खात्री करायची असेल तर उन्हाळा संपता संपता एक मोठा, टणक कंद शेंड्यापासून बुडापर्यंत उभा चिरावा. पांढऱ्या, रसदार पापुद्र्यांच्या अगदी मधोमध, बुडाच्या चकतीच्या वर, फिकट पिवळ्या कोंबात गुंडाळलेली इवलीशी कळी दिसते. भिंग असेल तर तिचे भागही ओळखू येतात. ज्या कंदात कळी नाही, त्यात त्याच जागी पानांचे कोंब तेवढे असतात, आणि त्यानंतर कितीही खत घाला, त्या हंगामात फूल येत नाही.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. नव्या कंदाचे पहिले फूल ज्याने तो कंद वाढवला त्याच्या शेतात घडलेले असते. तुमच्या वाफ्याची परीक्षा दुसऱ्या वसंतात होते.

उकरण्याआधी चार गोष्टी पाहा

कुदळ हातात घेण्याआधी झाडाजवळ बसून नीट पाहिले तर अर्धे निदान तिथेच होते.

पहिली गोष्ट, फुलदांडा आला का? दांडाच नसेल तर कंदात कळी धरलीच नाही, म्हणजे दोष गेल्या वर्षीचा. दांडा आला, पण टोकाला तपकिरी, कागदासारखी कोरडी कळी लटकते आहे, तर कळी धरली होती आणि नंतर मेली. हा दोष याच हंगामातला: पाणी, उष्णता किंवा अपुरी थंडी. या दोन तक्रारी एकच समजून एकच औषध शोधणे ही सगळ्यात नेहमीची चूक आहे.

दुसरी, पानांची रुंदी. ट्रम्पेट जातीच्या फुलायच्या कंदाचे पान जाड, निळसर हिरवे आणि साधारण दीड ते अडीच सेंमी रुंद असते. गवतासारखी, ५-६ मिमी रुंदीची पाने येत असतील तर खाली लहान पिल्ले, म्हणजे मोठ्या कंदापासून फुटलेले छोटे कंद, तरी आहेत किंवा मोठा कंद आतून खाल्ला गेला आहे.

तिसरी, दोष पसरला कसा आहे? सगळा वाफा एकसारखा बिनफुलाचा असेल तर कारण जागेत किंवा निगराणीत. एखाद्याच जुन्या पुंजक्याच्या मध्यभागी फुले नाहीत आणि कडेला आहेत, तर दाटी. निरोगी झाडांत इथे एक तिथे एक गायब असेल तर माशी किंवा कूज.

चौथी, पानांवर काही खुणा आहेत का? उभे पिवळे पट्टे, फुगीर पिवळट गाठी, वाकडी वाढ, लालसर तपकिरी जळलेली टोके. यांबद्दल पुढे.

पाने लवकर काढली जातात, हेच पहिले कारण

फुले संपली की डॅफोडिल दिसायला बरे राहत नाही. पाने लोळतात, आडवी पडतात, वाफा विसकटलेला दिसतो. म्हणून कुणी ती छाटतो, कुणी वेणी घालून रबराने बांधतो, कुणी गाठ मारतो. या तिन्ही गोष्टींनी कंद उपाशी राहतो. पानांनी उन्हात तयार केलेले अन्न खाली कंदात साठते, त्यावर कंद वाढतो आणि कळी धरते. वेणी घातलेल्या पानाच्या बऱ्याच भागाला ऊन लागत नाही आणि मुडपलेल्या जागी पान लवकर मरते. वेणी नीटनेटकी दिसते हे खरे, पण ती घालायची नाही.

फूल सुकल्यापासून किमान ६ आठवडे पानांना हात लावू नये. त्याहून चांगले म्हणजे ती आपोआप पिवळी पडून हलक्या ओढीने सुटेपर्यंत थांबावे. हिरवळीत कंद लावले असतील तर तिथले गवतही तोवर कापायचे नाही. यंत्र फिरवण्याची घाई असेल तर कंदांची जागा आधीच आखून तेवढा भाग सोडावा.

सुकलेले फूल मात्र लगेच काढावे. फुलाच्या मागे हिरवी फुगीर गाठ असते, ती बीजकोश. फूल त्या गाठीसकट खुडायचे, नाहीतर कंदाची ताकद बियांत जाते. दांडा ठेवायचा. तो हिरवा आहे तोवर पानासारखेच काम करतो.

पाने आडवी पडलेली पाहवत नसतील तर उपाय लावणीतच आहे: डॅफोडिलच्या पुढे उशिरा पालवणारी बहुवर्षायू झाडे लावावीत. त्यांची पाने वर येईतो डॅफोडिलची पिवळी होत असतात आणि झाकली जातात.

उथळ लावलेला कंद

दुसरे मोठे कारण खोलीचे. उथळ लावलेला कंद फुलण्यापेक्षा फुटण्याकडे जातो. वरची माती उन्हाळ्यात तापते, कोरडी होते, कंदाची अनेक लहान पिल्ले होतात आणि फुलण्याइतके मोठे त्यांतले एकही नसते. उथळ कंद माशीलाही सोपा सापडतो.

माप असे: कंदाच्या डोक्यावर त्याच्या उंचीच्या दुप्पट माती. कंद ६ सेंमी उंच असेल तर वर १२ सेंमी माती, म्हणजे खड्डा १८ सेंमी, जवळपास एक वीत. हलक्या वाळूच्या जमिनीत आणखी ३-४ सेंमी खोल. चिकण मातीत थोडे वर चालते, पण तिथे खोलीपेक्षा निचऱ्याची काळजी जास्त घ्यावी. दोन कंदांत १२ ते १५ सेंमी अंतर. खड्ड्याचा तळ सपाट हवा. टोकदार खुरप्याने केलेल्या निमुळत्या भोकात कंद मध्येच अडकतो आणि खाली पोकळी राहते. मुळे हवेत लोंबकळतात, पाणी साचले तर कूज लागते.

डॅफोडिलला आकसणारी मुळे असतात, ती कंदाला हळूहळू खाली ओढतात. पण या भरवशावर उथळ लावणी करू नये. त्यात कंदाची वर्षे जातात.

दाटीत अडकलेला जुना पुंजका

एका जागी ४-५ वर्षे राहिलेल्या पुंजक्यात कंदाला कंद चिकटून बसतात. अन्न आणि पाणी तेवढेच, खाणारी तोंडे अनेक. मधले आधी फुलायचे थांबतात, मग कडेचे.

पुंजका काढायची वेळ म्हणजे पाने दोन तृतीयांश पिवळी झाली असताना. आधी काढला तर कंद भरलेला नसतो. पाने पूर्ण गेल्यावर जागा सापडत नाही आणि फावडे हमखास कंदावर बसते. पुंजक्याच्या कडेपासून २० सेंमी लांब दातेरी फावडे सरळ खाली रोवून चारी बाजूंनी माती सैल करावी, मग पूर्ण गठ्ठा एकदम उचलावा. हातमोजे घालावेत. डॅफोडिलच्या रसात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी अनेकांच्या हातांना खाज सुटते, पुरळ येते.

माती झटकून जे कंद हाताने सहज सुटतात तेवढेच वेगळे करायचे. एकाच तपकिरी सालीत बसलेली दोन-तीन तोंडे ओढून फाडू नयेत. बुडाची चकती फाटली की बुरशीला वाट मिळते. मग शिवणकामाच्या टेपने सगळ्यात जाड भागाचा घेर मोजावा. १२ सेंमी किंवा जास्त घेराचे कंद बहुधा पुढच्याच वसंतात फुलतात. ८ ते १२ सेंमीचे एखादे वर्ष घेतात. त्याहून लहान पिल्ले वेगळ्या वाफ्यात ८-१० सेंमी अंतराने लावून २-३ वर्षे वाढू द्यावीत. शोभेच्या वाफ्यात ती परत घातली तर तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

वेगळे केलेले कंद लगेच नव्या जागी लावणे उत्तम. साठवायचेच असतील तर जाळीच्या पिशवीत किंवा ट्रेमध्ये एकाच थरात, सावलीत, वारा खेळता ठेवून, १७ ते २० अंश सेल्सिअसला. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला कंद घामेजतो आणि कुजतो. कांद्याशेजारी तर कधीच ठेवू नयेत. दिसायला सारखे असले तरी डॅफोडिलचा कंद विषारी आहे, त्यात लायकोरिन असते आणि खाल्ल्यास जोरात उलट्या होतात. पिशवीवर नाव लिहून ती स्वयंपाकघराबाहेर ठेवावी.

खत: कोणते, किती, कधी

नत्र जास्त झाले की पात माजते, कंद पोचट राहतो आणि बुडकूज लवकर धरते. हिरवळीला घातलेले नत्रयुक्त खत शेजारच्या डॅफोडिलपर्यंत पोचते, हेही लक्षात घ्यावे. ताजे शेण तर कंदाजवळ नकोच.

या झाडाला हवे ते पालाश. पाने जमिनीतून डोकावू लागली की सल्फेट ऑफ पोटॅश चौरस मीटरला १५ ते २० ग्रॅम पसरून दाताळ्याने वरच्या मातीत हलके मिसळावे. फुले संपल्यावर, पाने हिरवी असेपर्यंत, टोमॅटोसाठी मिळणारे जास्त पालाशचे द्रवखत दर १०-१४ दिवसांनी, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. पाने पिवळी होऊ लागली की बंद. झोपलेल्या कंदाला खत पोचत नाही, ते नुसते वाहून जाते.

पाण्याचेही तसेच. फुले गेल्यावर सहा आठवडे माती सुकू देऊ नये. पाऊस नसेल तर आठवड्याला चौरस मीटरमागे साधारण २५ लिटर, एकदाच, पण खोलवर. लोक नेमके याच काळात पाणी तोडतात, कारण पाहण्यासारखे फूल उरलेले नसते. त्यानंतर उन्हाळ्यात कंदाला कोरडी विश्रांती हवी. शरद ऋतूच्या तोंडाशी नवी मुळे फुटतात, तेव्हा पुन्हा ओल हवी. तो काळ कोरडा गेला तर मुळे तोकडी राहतात आणि धरलेली कळी वसंतात सुकते.

सावली

लावले तेव्हा ऊन होते, आता नाही. झाडे मोठी होतात आणि हे हळूहळू घडते, म्हणून ध्यानात येत नाही. पानगळीच्या झाडाखाली डॅफोडिल चालते, कारण झाडाला पालवी फुटेपर्यंत त्याचे बरेचसे काम उरकलेले असते. सदाहरित झाडाखाली किंवा दाट कुंपणाच्या बुडाशी ऊनही नाही आणि ओलही नाही. तिथे उपाय एकच, कंद हलवणे.

कळी येते पण सुकते, किंवा दांडा बुटका राहतो

ट्रम्पेट डॅफोडिलच्या कळीला उमलण्याआधी थंडी लागते: ९ अंशांखाली १२ ते १६ आठवडे. ती पुरेशी मिळाली नाही तर दांडा लांबत नाही, फूल पानांच्या आतच खुरटे उमलते किंवा कळी कागदासारखी वाळते. बुटका दांडा दिसला की आधी थंडीचा हिशेब करावा.

हिवाळा सौम्य असेल तर कंद लावण्याआधी फ्रिजमध्ये ५ ते ७ अंशांवर, कागदी किंवा जाळीच्या पिशवीत, १२ ते १५ आठवडे ठेवतात. पण त्याच फ्रिजमध्ये सफरचंदे किंवा इतर पिकती फळे नकोत. फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने कंदातली कळी बिघडते. फ्रिजमध्ये ठेवून नीट निगुतीने लावलेल्या कंदांना फूल आले नाही, तर बहुतेकदा कारण हेच सापडते. बर्फाच्या कप्प्यातही ठेवू नयेत, कंद गोठून मऊ पडतात.

आणि हे स्पष्ट सांगितलेले बरे: जिथे खरा हिवाळाच नाही तिथे ट्रम्पेट जाती वर्षानुवर्षे फुलत नाहीत. तिथे दर वर्षी नवे, थंड केलेले कंद लावणे एवढाच खात्रीचा मार्ग आहे.

कुंडीतल्या कंदांना दोन्ही बाजूंनी त्रास होतो. माती लवकर तापते आणि लवकर सुकते. घरात लवकर फुलवलेला कुंडीतला कंद तर थकलेलाच असतो. पाने सुकल्यावर तो जमिनीत लावावा आणि फुलासाठी दोन वर्षे थांबावे.

कंद हातात घेऊन: माशी, कूज, सूत्रकृमी

वरचे काही जुळत नसेल तर संशयित झाडाचा एक कंद काढावाच लागतो. माती पुसून आधी दोन जागा दाबून पाहाव्यात: बुडाची चकती अंगठ्याने आणि मान चिमटीत धरून. निरोगी कंद दोन्हीकडे कच्च्या बटाट्यासारखा घट्ट लागतो आणि हातात जड वाटतो.

मान मऊ, कंद हलका, आणि चिरल्यावर आत तपकिरी चिखलासारख्या विष्ठेने भरलेली पोकळी आणि तीत एकच जाड, मळकट पांढरी अळी, तर ती मोठ्या नार्सिसस माशीची, मेरोडॉन इक्वेस्ट्रिसची (नार्सिसस हे डॅफोडिलचेच शास्त्रीय नाव). माशी केसाळ, गुबगुबीत, भुंग्यासारखी दिसते, म्हणून उडताना ओळखू येत नाही. वसंताच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत उन्हाच्या, उबदार दिवसांत ती सुकत्या पानांच्या बुडाशी अंडी घालते. अळी कंदाच्या बाहेरून खाली उतरते आणि बुडातून आत शिरून मधला गाभा, म्हणजे नेमकी कळी, खाते. कंद नेहमी मरत नाही. कडेचे उरलेले तुकडे पुढे गवतासारखी पात काढतात. आत एका ऐवजी पुष्कळ लहान अळ्या वळवळत असतील तर ती लहान माशी. ती आधीच सडलेल्या कंदावर येते, म्हणून मूळ दोष दुसरा शोधावा.

मोठ्या माशीवर खरा इलाज अटकावाचा. पाने मरताना मातीत त्यांच्या जागी भोके राहतात, त्याच वाटेने अळी खाली जाते. पाने पिवळी पडू लागली की बुडाभोवतीची माती दाताळ्याने ओढून भोके बुजवावीत आणि पायाने घट्ट दाबावी. मोजके, आवडीचे पुंजके असतील तर त्या काळात वरून बारीक जाळी किंवा बागेचे पातळ कापड घालावे, कडा मातीत पुरून. पोकळ कंद अळीसकट नष्ट करावेत, खताच्या खड्ड्यात टाकू नयेत.

बुडाची चकती मऊ, आणि चिरल्यावर तिथून वर चढत गेलेली लालसर चॉकलेटी कूज दिसली, कधी चकतीवर गुलाबी छटेची बुरशी, तर ती फ्युझारियमची बुडकूज. माती तापते तेव्हा ही बुरशी जोर करते. म्हणून उथळ लावणी, जास्त नत्र आणि उन्हाळ्यात ओली राहिलेली जमीन, तिन्ही तिला पोसतात. काढताना कंदाला झालेली जखमही तिला पुरते. कुजके आणि त्यांना चिकटलेले कंद दोन्ही टाकावेत. ती जागा अनेक वर्षे डॅफोडिलला वापरू नये, बुरशी मातीत टिकून राहते. जातीजातींतही फरक आहे. ‘गोल्डन हार्वेस्ट’ ही देखणी, लवकर फुलणारी जात बुडकुजीला फार नाजूक आहे. १८९९ची ‘किंग आल्फ्रेड’ प्रसिद्ध खरी, पण त्या नावाने मिळणारे कंद बरेचदा ‘डच मास्टर’सारख्या दुसऱ्या पिवळ्या जातीचे असतात, तेव्हा जातीचे नेमके नाव लिहिलेले कंदच घ्यावेत. ‘माऊंट हूड’ फिकट पिवळी उमलते आणि काही दिवसांनी पांढरी होते. तो रोग नाही.

कंद आडवा चिरल्यावर कांद्याच्या चकतीसारखी तपकिरी वर्तुळे दिसली आणि पानांवर फुगीर, पिवळट गाठी असतील, तर ते सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखे सूक्ष्म कृमी. यावर बागेत करण्याजोगा इलाज नाही. व्यावसायिक उत्पादक कंद ४४.४ अंशांच्या गरम पाण्यात ३ तास ठेवतात. पण घरातल्या भांड्यात तापमान असे काटेकोर राहत नाही. थोडे कमी पडले तर कृमी वाचतात, जास्त झाले तर कळी मरते. ती झाडे आणि लगतची निरोगी दिसणारी झाडेही मातीसकट काढावीत. फावडे धुतल्याशिवाय दुसऱ्या वाफ्यात घालू नये.

पानांवर उभे पिवळे पट्टे आणि दर वर्षी खुरटत जाणारे झाड, म्हणजे विषाणू. तो मावा पसरवतो. कंद बरा होत नाही, उपटून टाकावा. पानांची टोके लालसर तपकिरी होऊन जळत असतील तर तो बुरशीचा करपा. जळलेला भाग कोरड्या दिवशी कापून काढावा आणि पुढची लावणी जरा विरळ करावी. मात्र थंडीच्या कडक रात्रीनंतर नुसती टोके पांढरी पडली असतील तर काही करायची गरज नाही.

फूल परत कधी येईल

पाने लवकर कापल्याने किंवा खतपाण्याअभावी थांबलेला, पण १२ सेंमीच्या आसपास घेराचा कंद एका नीट हंगामानंतर फुलतो. दाटीतून सोडवलेले कंद बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या वसंतात. गवतासारखी पात काढणारी पिल्ले तीन वर्षे मागतात. मोठ्या वाफ्यात बिनफुलाचे पुंजके वसंतातच खुणेच्या काठ्या रोवून ठेवावेत. पाने गेल्यावर कोणता पुंजका फुलला होता आणि कोणता नाही हे कुणालाच आठवत नाही, आणि उकरताना नेमका फुलणारा पुंजका हाती लागतो.